ऑटो-क्लीन चिमणी उघडून का साफ केली? आमचं उत्तर

नमस्कार ताई,

ऑटो-क्लीन चिमणी विनाकारण उघडली, दोन तास ओटा अडवला, पाइप बदलायला लावून बिल फुगवलं आणि एवढं करूनही धूर पसरतोच, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग समजतो. पण आमच्या मुलांनी काम बरोबर केलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

ऑटो-क्लीनचं बटण दाबलं की आतला हीटर तापतो आणि ब्लोअरजवळचं, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याजवळचं, तेल पातळ होऊन खालच्या वाटीत उतरतं. तेल ताजं असेल तोवर हे छान चालतं. साचून घट्ट झालेला मेणचट थर मात्र त्याने सुटत नाही, आणि पाइपपर्यंत ती उष्णता पोचतच नाही. तुमच्या ब्लोअरच्या पात्यांमधल्या फटी जवळजवळ बुजल्या होत्या. नुसते फिल्टर धुऊन वीस मिनिटांत निघता आलं असतं, पण मग ते साफ केलं असं मी म्हणणार नाही.

वेळ लागला तो गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने घासल्यामुळे. कॉस्टिक सोड्याने चिकटा झटपट निघतो, हे खरं. पण तो अॅल्युमिनियम खातो, पत्र्याचा रंग उडवतो, आणि त्याच ओट्यावर तुम्ही लगेच पोळ्या लाटणार असता. आमच्याकडे तो वापरायचाच नाही असं ठरलेलं आहे.

आता पाइप. माळ्यावर तुमच्या पाइपला झोळ पडला होता आणि त्या झोळात तेल साठलं होतं. बाहेरच्या तोंडाशी कबुतरांनी काड्या कोंबल्या होत्या. फॉइलचा घडीचा पाइप धुता येत नाही. घड्यांत तेल राहतं आणि घासलं की फाटतो. कढईतल्या तेलाने कधी पेट घेतला आणि ज्वाळा वर ओढली गेली, तर हेच साठलेलं तेल पेटतं. हे भीती दाखवायची म्हणून सांगत नाही, मला खरंच या आगीचीच काळजी वाटते. पाइप काढून आधी तुमच्या सासूबाईंना दाखवला, दर सांगितला, त्या हो म्हणाल्यावरच नवा सहा इंची, ताणून बसवला. बिलात तो वेगळा लिहिलेला आहे.

धुराचं म्हणाल, तर मुलं निघाली तेव्हा फिल्टरला लावलेला कागद घट्ट चिकटून राहत होता, म्हणजे ओढ व्यवस्थित आहे. ओट्याशेजारचा एक्झॉस्ट फॅन सोबत चालू असेल तर तो धूर आडवा ओढतो. तो बंद ठेवा, फोडणी द्यायच्या आधीच चिमणी लावा आणि गॅस बंद केल्यावरही पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या. तरीही धूर पसरला तर सोयीचा वार कळवा. मी स्वतः येऊन बघतो, त्याचे पैसे घेणार नाही.