‘रक्ताची चटक’ म्हणे! मेंढपाळ कुत्र्यांवरच्या त्या मेसेजला उत्तर

‘मेंढपाळ जातीचा कुत्रा घरात असेल तर सावधान!’ असा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली ‘एका ज्येष्ठ प्राणीतज्ज्ञांच्या अनुभवातून’ असं लिहिलंय, तज्ज्ञांचं नाव मात्र नाही. मी दुर्लक्ष करत होतो. पण तो कोथरूडला माझ्या आत्याकडे पोचला आणि तिने बंडूला, म्हणजे तिच्या बॉर्डर कॉली या मेंढपाळ जातीच्या कुत्र्याला, गॅलरीत साखळीने बांधून टाकलं. नातवाला त्याच्याशी खेळायची बंदी. आत्याला फोनवर समजावून झालंय. आता ज्यांनी ज्यांनी तो मेसेज डोळे मिटून पुढे ढकललाय, त्यांच्यासाठी लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ही कुत्री मुलांच्या आणि सायकलींच्या मागे लागतात, टाचेला तोंड लावतात, ही शिकारीची सुरुवात; एकदा रक्ताची चटक लागली की संपलं. म्हणून नाकावर फटका द्या, बांधून ठेवा. चेंडू-बिंडू देऊ नका, खेळाने वृत्ती बळावते. आपल्या धनगरांची कुत्री कुठे खेळतात? दमवायचंच असेल तर भिंतीवर लेझरचा ठिपका फिरवा. मटण-अंडी बंद करा, नसबंदी करा. आणि शेवटी, ही कुत्री फ्लॅटमध्ये पाळूच नका.

आधी ती चटक. लांडग्याची शिकार टप्प्याटप्प्याने होते: हेरणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, धरणं, मारणं, फाडणं. अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात शिकवणारे जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी कामाच्या कुत्र्यांचा अभ्यास करण्यात हयात घालवली. त्यांची मांडणी अशी की पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास करताना माणसाने या टप्प्यांत काटछाट केली. बॉर्डर कॉलीमध्ये नजर, दबकणं आणि पाठलाग वाढवला, मारण्याकडे नेणारे पुढचे टप्पे दाबले. साधी गोष्ट आहे, मेंढ्या फाडणारा कुत्रा कुठल्या मेंढपाळाला परवडेल? वेल्समधल्या बाला गावी १८७३ साली मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा झाली, तेव्हापासून हा खेळ ब्रिटनमध्ये चालत आलाय. आज त्या स्पर्धांत मेंढीला विनाकारण दात लावणारा कुत्रा बाद होतो. म्हणजे ज्या कुत्र्याला न चावण्यासाठी घडवलं, त्याच्यावर रक्तपिपासूपणाचा आरोप.

टाचेला तोंड लावणं खरं आहे. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग यांना तर गुरं हाकण्यासाठी त्याच कामाला वाढवलं, गायीच्या टाचेला चिमटा काढायचा आणि लाथ चुकवायची. पळणारं, किंचाळणारं पोर दिसलं की तेच जागं होतं. ते चालवून घ्यावं असं मी म्हणत नाही. पोर पडतं, ओरखडा येतो, घाबरतं. मुलाने पळणं थांबवायचं, मोठ्यांनी कुत्र्याला हाक मारून बाजूला घ्यायचं आणि पाठलाग करायला दुसरं काहीतरी द्यायचं. नाकावर फटका मारलात तर कुत्रा एवढंच शिकतो की हे पोर जवळ आलं की मार बसतो. पुढच्या वेळी तो पोराकडे भीतीने बघणार. आणि घाबरलेला, बांधलेला कुत्रा खरंच चावतो. मग हेच लोक म्हणणार, बघा, आम्ही सांगितलं होतं! शिवाय प्राण्याला मारहाण करणं आणि आखूड साखळीवर तासन्‌तास बांधणं, दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे हसण्यासारखाच. पण ‘तज्ज्ञां’नी गुन्ह्याचा सल्ला द्यावा?

धनगरांचा दाखला वाचून तर कपाळावर हात मारला. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे वाडे, म्हणजे धनगरांचे कळपासकट फिरते तळ, कोकणाच्या वाटेवर असतात, शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, तेव्हा त्यांच्याबरोबरची कुत्री कधी नीट पाहिली आहेत का? ती मेंढ्या वळत नाहीत. मेंढ्या वळतो माणूस, काठीने आणि आवाजाने. कुत्रं रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीभोवती जागतं, लांडगा आला तर अंगावर जातं. ते राखणीचं कुत्रं. कॉपिंजर यांनी हाच फरक दाखवला होता: राखणीच्या कुत्र्यात नजर रोखणं आणि पाठलाग जवळजवळ दिसत नाही, आणि तसंच असावं लागतं, नाहीतर ते स्वतःच्याच कळपामागे पळेल. पहारेकरी शांत बसतो म्हणून पोस्टमनलाही बसवून ठेवायचं का? आणि धनगराचं कुत्रं वाड्याबरोबर मैलोन्‌मैल चालतं. बंडू चालतो लिफ्टपासून गेटपर्यंत.

जाता जाता उलट्या टोकाच्या हौशी लोकांनाही सांगतो. कुत्र्याची ‘नॅचरल इन्स्टिंक्ट’ दाखवायला टेकडीवर चरणाऱ्या शेळ्यांवर त्याला सोडू नका. बिथरलेल्या कळपात गाभण जनावर गाभडतं. ते कुणाच्या तरी पोटावर पाय देणं आहे.

चेंडूचं. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. टेनिस बॉल सलग फेकत राहिलात तर कुत्रा दमत नाही, पिसाटतो. त्या चेंडूशिवाय त्याला काही सुचत नाही, आणि त्यावरच्या खरखरीत लोकरीने दातही झिजतात. पण उपाय चेंडू काढून घेणं हा नाही. तोंडात मावणार नाही एवढा मोठा चेंडू द्या, अगदी व्यायामाचा योगा बॉलसुद्धा, जो नाकाने किंवा खांद्याने ढकलावाच लागतो. जर्मनीत यावरून ट्राइबबॉल नावाचा खेळच उभा राहिला. यान नायबूर या डच प्रशिक्षकाने तो सुरू केला. आठ मोठे चेंडू कुत्र्याने मालकाच्या इशाऱ्यावर एकेक करून गोलात आणायचे. मेंढ्यांच्या जागी चेंडू, बाकी काम तेच: लांब जा, मागून ये, थांब, हळू, इकडे आण.

यातलं ‘थांब’ सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं चेंडूमागे उधळणं म्हणजे पुन्हा टेनिस बॉलच. आधी नाकाने स्पर्श करायला शिकवा, मग ‘थांब’वर खाली बसायला, मग एकेक ढकल. शेवटी ‘झालं’ म्हणायचं, चेंडू कपाटात आणि गवतात खाऊचे दाणे विखरून शोधायला लावायचे. गुळगुळीत फरशीवर नको, सांधे जातात. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत आटपा. काही बॉर्डर कॉली जोरदार धावायला लागल्यावर पाच-पंधरा मिनिटांतच झोकांड्या खाऊ लागतात, हा त्या जातीतला माहीत असलेला आजार आहे. तसं दिसलं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

लेझर मात्र अजिबात नको. त्या ठिपक्यात पकडायला काही नसतं. पाठलाग आहे, शेवट नाही. पशुवैद्य याबद्दल सांगून थकले: काही कुत्री पुढे घड्याळाच्या काचेची तिरीप, भिंतीवरची सावली, गाडीचा उजेड, सगळ्यांवर तासन्‌तास झडप घालत बसतात आणि ती सवय सोडवणं फार अवघड जातं. मेंढपाळ जातींना हा धोका जास्त. चेंडू धोकादायक आणि लेझर सुरक्षित, हे लिहिणाऱ्याने कुत्रा पाळलाय का, अशी शंका येते.

मटण बंद करून नजर रोखणं थांबत नाही. नसबंदीची कारणं वेगळी, ती जरूर करा, पण तिने मेंढपाळपणा जात नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, फ्लॅटमध्ये पाळू नका. ज्याच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ वेळ नाही, त्याने रील बघून बॉर्डर कॉली आणू नये, हे वाक्य मी खोडणार नाही. पण ते पिल्लू आणण्याआधी वाचायचं वाक्य आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आधीच आलाय, त्यांनी त्याचं काय करायचं हे मेसेजमध्ये कुठेच नाही, साखळी सोडून.