मालवणच्या स्कूबा व्हिडिओतल्या मुंग्या आम्ही एवढ्यावरच का थांबवल्या

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. पैसे तुमचे आणि व्हिडिओ तुमच्या वडिलांचा. पण पाण्याखालचं शूटिंग घेऊन साताऱ्यात आमच्याकडे एडिटिंगला आणखीही लोक येतात आणि तुम्ही मांडलेले प्रश्न त्यांनाही पडतात, म्हणून उत्तर फोनवर न देता इथंच सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मालवणला वडिलांनी स्कूबा केलं, त्याचे फोर-के व्हिडिओ आम्हाला स्वच्छ करायला दिले. आम्ही आठवडा लावला, तरी मुंग्या, म्हणजे चित्रभर वळवळणारी बारीक खरखर, दिसतातच. पांढरे ठिपकेही तसेच राहिले. चेहऱ्याचा रंग सुधारला, पण तिथंच जास्त खरखर आली. आणि तुमच्या भाच्यानं फोनमधल्या अ‍ॅपवर तीच क्लिप दोन मिनिटांत गुळगुळीत करून दाखवली.

आधी भाच्याच्या क्लिपबद्दल, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तीच लागलेली दिसते. तुम्ही ती आम्हाला पाठवली होती, मी ती मोठ्या मॉनिटरवर एकेक फ्रेम पुढं सरकवत पाहिली. मुंग्या गेल्यात, हे खरं. पण वडिलांच्या गालावरची पांढरी दाढीही गेली आहे. मास्कच्या कडेला डोळ्यांजवळच्या सुरकुत्या आहेत, त्या पुसल्या जाऊन चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा झालाय. काळ्या पट्ट्यांचे मासे त्यांच्या हातापाशी येतात, तिथं दोन पट्टे एकमेकांत मिसळलेत. बुडबुड्यांच्या मागं धुरकट शेपूट ओढली जातेय. फोनच्या सहा इंची पडद्यावर यातलं काही जाणवत नाही. तुमच्या टीव्हीवर लावून बघा, लगेच दिसेल. एवढ्या जोराच्या सफाईचं बटण आमच्याकडेही आहे. आम्ही ते वडिलांच्या चेहऱ्यावर जाणूनबुजून फिरवलं नाही आणि पुन्हा काम करायची वेळ आली तरी फिरवणार नाही.

आता या मुंग्या येतात कुठून. पाणी प्रकाश खातं आणि त्यात लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाच-सहा मीटर खाली गेलं की वरून येणारा लाल प्रकाश बहुतेक संपलेला असतो. शिवाय वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतरही पाण्यातूनच कापायचं असतं, तिथं आणखी घट. त्यात अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मुळातच लहान. लग्नाला आम्ही वापरतो त्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिलिमीटर रुंद असतो, तर अशा छोट्या कॅमेऱ्यातला 1/2.3 इंची म्हणतात तो जेमतेम 6 मिलिमीटर. एवढ्याशा जागेवर एवढासा प्रकाश पडला की कॅमेरा आपोआप आयएसओ, म्हणजे सिग्नल फुगवायचं प्रमाण, वाढवतो. आयएसओ 100 वरून 1600 ला गेला म्हणजे सिग्नल 16 पट फुगवला, आणि त्याच्यासोबत खरखरही फुगली. तुमच्या क्लिपमध्ये वडील शिडीजवळ आहेत तोवर चित्र चांगलं आहे. ते होडीच्या सावलीत शिरले की मुंग्या एकदम उसळतात, याचं कारण हेच.

चेहऱ्यावर खरखर जास्त का, तेही यातूनच समजेल. मूळ क्लिपमध्ये त्यांचा चेहरा हिरवट-निळा होता. त्वचेचा रंग परत आणायचा तर लाल चॅनेल, म्हणजे चित्रातला लाल रंगाचा थर, वर ओढावा लागतो, पण फाइलमध्ये लाल माहिती नावापुरतीच आणि बाकी खरखर. नुसता लाल वाढवला तर खरखरच वाढते. म्हणून आम्ही लाल चॅनेलमध्ये थोडा हिरव्याचा अंश मिसळून चेहऱ्याचा आकार उभा केला, आणि त्याच्याही आधी, म्हणजे रंगाला हात लावण्यापूर्वी, मुंग्या कमी केल्या. हा क्रम फार महत्त्वाचा. आधी रंग चढवून मग सफाई केली तर ती खरखर रंगात मुरते आणि मग निघत नाही. घरी कुणी एडिटिंग करत असेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

सफाईची मुख्य पद्धत अशी की सॉफ्टवेअर लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी ताडून बघतं. खरी वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये असते, मुंग्या मात्र दर फ्रेमला जागा बदलतात. चार फ्रेमची सरासरी काढली तर मुंग्या साधारण निम्म्यावर येतात. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत हे करता येतं, फुकटच्या आवृत्तीत ती सोय नाही. नीट व्हिडिओ नावाचं प्लगइन, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आहे, त्याला आधी चित्रातला एक सपाट तुकडा दाखवावा लागतो, म्हणजे या कॅमेऱ्याची खरखर नेमकी कशी आहे ते त्याला कळतं. रात्रीच्या वरातीचं शूटिंग असं झकास साफ होतं, कारण तिथं मागचा मंडप जागचा हलत नाही. पाण्यात मात्र सगळंच हलतं. लाटेबरोबर कॅमेरा झुलतो, मासे झपकन वळतात, तळच्या वाळूवर उन्हाची जाळी सरकत असते. जास्त फ्रेम मिसळल्या की एकाच माशाच्या दोन सावल्या दिसायला लागतात. म्हणून मोकळ्या निळ्या पाण्यावर आम्ही जोराची सफाई केली, चेहरा, हात आणि मासे मास्क लावून, म्हणजे कॉम्प्युटरवर त्यांच्याभोवती रेघ आखून, वेगळे काढले आणि तिथं हात हलका ठेवला. त्यातही रंगाचे डाग जवळजवळ पूर्ण काढले, उजेड-अंधाराची बारीक खरखर थोडी राहू दिली. डोळ्याला तपशील कळतो तो या उजेड-अंधारातूनच. प्रत्येक शॉटला हे मास्क माणसासोबत सरकवत न्यावे लागतात. आठवडा लागला तो त्यात.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल तुमचा समज वेगळा आहे, त्यात तुमचा दोष नाही, बहुतेकांचा तसाच होतो. त्या मुंग्या नव्हेत. मालवणच्या पाण्यात गाळ, प्लँक्टन म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, शेवाळाचे कण तरंगत असतात, त्यांच्यावर प्रकाश पडून ते चमकतात. ते कॅमेऱ्यासमोर खरोखर असतात, त्यामुळं सॉफ्टवेअर त्यांना खरी वस्तू समजून सांभाळून ठेवतं. ते काढायचं हत्यार निराळं आहे, पण ते वापरलं की वडिलांच्या श्वासाचे बुडबुडेही उडायला लागतात. ते बुडबुडे मला त्या व्हिडिओतले सगळ्यात मोलाचे वाटतात. माणूस पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतोय, ते त्यातच दिसतं.

एक गोष्ट काम घेतानाच पावतीवर लिहून दिली होती, ती इथंही सांगतो. तुमच्या क्लिपांपैकी निम्म्या पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात होत्या, बाकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, तेव्हा मुंग्यांचे चौकोनी ठोकळे होतात आणि फ्रेम ताडून बघायची पद्धत त्यांच्यापुढं चालत नाही. तुम्हाला सर्वात खराब वाटलेला शॉट, प्रवाळाजवळचा, त्यातलाच आहे.

टीव्हीवर बघताना पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर असेल तर तो बदला आणि शार्पनेस पार खाली आणा. बऱ्याच टीव्हींत शार्पनेस आधीपासूनच वाढवलेला असतो, आणि आम्ही मुद्दाम सोडलेली बारीक खरखर त्यानं टोकदार होते.

पुढच्या वेळी स्वतःचा कॅमेरा नेणार असाल तर सेटिंगमध्ये आयएसओची कमाल मर्यादा 400 किंवा फार तर 800 ठेवा, शार्पनेस ‘लो’ करा. चित्र थोडं काळपट आलं तरी चालेल, ते आम्ही उजळू. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना उतरा. आणि माणसाच्या जवळ जा, अगदी हात लांबवला तर पोचेल इतकं. झूम करू नका. मधलं पाणी कमी झालं की रंग, खरखर, ठिपके या तिन्हींवर एकदम फरक पडतो, इतका की कुठल्याच सॉफ्टवेअरनं पडत नाही. गावाकडं विहीर असेल तर जाण्याआधी तिच्यात कॅमेरा एकदा बुडवून बघा, म्हणजे तिथं गेल्यावर बटणं शोधत बसावं लागत नाही.

आता पुढचं. चेहऱ्यावरची सफाई वाढवून हवीच असेल तर प्रवाळाजवळच्या एका शॉटच्या दोन आवृत्त्या करून देतो, त्या घरच्या टीव्हीवर शेजारी-शेजारी बघा आणि तुम्ही म्हणाल ती पूर्ण व्हिडिओला लावू. त्याहून बरं म्हणजे ज्यांनी शूटिंग केलं त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या क्लिपांच्या मूळ फाइल मागवा. त्या मिळाल्या तर तेवढा भाग पुन्हा करून देऊ, त्याचे वेगळे पैसे नकोत. फक्त फोन आजच करा. सीझनमध्ये रोज नवे पर्यटक येतात आणि कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की शूटिंग करणारी मंडळी जुनं पुसून टाकतात.