कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर बदलू नका

चेक इंजिनचा दिवा लागला की काय करावं, हे सांगणारा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. थोडक्यात तो असा: स्कॅनरवर पी ०१३० ते पी ०१४१ यांतला बिघाडाचा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेला, मल्टीमीटरवर १२ व्होल्ट आले की वायरिंग ठीक, सिग्नलचं व्होल्टेज नाचत असेल तर सेन्सर नक्की खराब, खर्च टाळायचा तर सेन्सर पेट्रोलमध्ये भिजवा, नाहीतर कनेक्टर काढून ठेवा, गाडी चालते. यातलं ‘गाडी चालते’ एवढंच खरं.

‘कोड आला म्हणजे सेन्सर गेला’

कोड सर्किटचा असतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, तसे फ्यूज, रिले, कनेक्टर, वायरी आणि ईसीयूही (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आहेत. पी ०१३५ म्हणजे पहिल्या बँकेतल्या (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या) पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या भागाच्या) आधीच्या, सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचं सर्किट. पी ०१४१ मागच्याचं. दोन्ही एकदम आले, तर दोन हीटर एकाच दिवशी जळाले असं मानण्याआधी त्यांचा सामाईक फ्यूज बघा.

पी ०१३१, म्हणजे सिग्नल कमी, हा आणखी फसवा. सिग्नलची वायर सायलेन्सरला चिकटून वितळली आणि अर्थ झाली तरी तो येतो, आणि मिश्रण खरोखर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असलं तरी येतो. सेन्सरच्या आधीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (धुराच्या नळीच्या जोडाचं) गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. इंजिन मिसिंग करत (एखादा सिलिंडर मध्येच पेटत नसेल तसं) असेल तरी तेच: सेन्सर न जळलेलं पेट्रोल मोजत नाही, न वापरलेला ऑक्सिजन मोजतो. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘१२ व्होल्ट आले म्हणजे वायरिंग ठीक’

सगळ्यात जास्त सेन्सर याच वाक्यापायी फुकट बदलले जातात. मल्टीमीटर जवळपास करंटच ओढत नाही. वायरीच्या आवरणाखाली तांब्याचा हिरवा चुरा होऊन एकच बारीक तार शिल्लक असली, तरी मीटर इमानदारीने १२ दाखवतो. हीटरचा करंट मागितला की तीच वायर माघार घेते.

म्हणून लोड देऊन तपासा. सेन्सरचा कनेक्टर काढा, इग्निशन ऑन करा (काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन सुरू असतानाच येतो), आणि हार्नेसकडची (गाडीच्या वायरिंगकडची) हीटरच्या पुरवठ्याची पिन व बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर पुरवठा ठीक. मिणमिणला तर फ्यूजपासून पिनपर्यंत कुठेतरी गंज आहे. हीटरची दुसरी पिन ईसीयूकडे जाते; तिला हा बल्ब चुकूनही लावू नका.

मग सेन्सरकडच्या हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक सेन्सरांत या दोन्ही एकाच रंगाच्या असतात. थंड असताना साधारण २ ते १५ ओहम येतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर मात्र सेन्सरच गेला. ओहमचा मीटर सिग्नलच्या वायरींना लावायचा नाही.

सिग्नलसाठी: कनेक्टर काढलेलाच ठेवून स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा. बऱ्याच गाड्यांत ०.४५ व्होल्टच्या आसपास दिसतं. हार्नेसकडची सिग्नलची पिन आणि सेन्सरच्या अर्थची पिन वायरीच्या तुकड्याने जोडा. आकडा शून्यावर आला तर ईसीयूपर्यंतच्या दोन्ही वायरी शाबूत. हलला नाही तर नवा सेन्सर लावूनही हलणार नाही.

‘व्होल्टेज नाचतं म्हणजे खराब’

उलटं आहे. पुढचा झिर्कोनियाचा (नेहमीचा, व्होल्टेज देणारा) सेन्सर गरम इंजिनवर, २५०० आरपीएमला, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचलाच पाहिजे. ०.४५ वर खिळून बसणं, हा बिघाड. व्हॅक्यूमची एक बारीक नळी क्षणभर काढा: ०.२ च्या खाली जायला हवा. झटक्यात रेस द्या: ०.८ च्या वर. दोन्हीकडे चपळाईने गेला तर तो जिवंत आहे, दोष मिश्रणात शोधा. मागचा सेन्सर स्थिर असावा. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे बघा. वाइडबँड सेन्सरला (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या वेगळ्या जातीच्या) यातला एकही आकडा लागू नाही, आणि ते चार वायरींचेही असतात, तेव्हा नुसत्या वायरी मोजून ठरवू नका.

‘पेट्रोलमध्ये भिजवा’

काजळी गरम सेन्सरवर आपोआप जळते. जी जळत नाही ती सिलिकॉनची पांढरी पूड, आणि ती पेट्रोलने जात नाही. ती चुकीच्या सीलंटमुळे किंवा कूलंट जळत असल्यामुळे येते. मूळ गळती तशीच राहिली तर नवाही मरेल. शिवाय बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आवरणातून घेतात. द्रव, ग्रीस किंवा सोल्डर तिथे गेलं की वाट बंद. वायरींना जोड क्रिम्पचाच (दाबून बसवलेला) द्या.

‘काढून ठेवा’

मग ईसीयू ठरावीक अंदाजावर पेट्रोल सोडतो, बहुधा जास्तच. ते कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळू शकते.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गरम इंजिनवर एक फेरी मारली आणि दिवा लागला नाही, यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत हीटरची तपासणी थंड इंजिन सुरू केल्यावरच होते. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी स्कॅनर लावा.