जमिनीची सोडत आणि ‘सामान्य माणसाचं युग’

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळाला अमेरिकेच्या इतिहासात ‘सामान्य माणसाचं युग’ म्हणतात. मला हे नाव पटत नाही. जॉर्जिया राज्याने १८३२ साली काढलेली सोडत बघा. गोऱ्या रहिवाशांनी नावं नोंदवायची, चिठ्ठी निघाली की १६० एकर जमीन. सोन्याच्या पट्ट्यातले तुकडे ४० एकरांचे. आणि त्या जमिनीवर चेरोकी हे अमेरिकेतले मूळ रहिवासी घरदार, शेतीवाडी करून राहत होते! त्यांच्याकडे त्यांच्यातल्याच सेक्वोयाने घडवलेली लिपी होती, १८२७ ची लेखी राज्यघटना होती, स्वतःचं वर्तमानपत्र होतं. म्हणजे ‘रानटी लोकांना हलवलं’ ही सबबसुद्धा खोटी.

हाव कुठून आली? १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस पुरेना, दक्षिणेतल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास राज्याराज्यांतून मतदानासाठीची मालमत्तेची अट उठत होती. फक्त गोऱ्या पुरुषांसाठी. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये काळ्या पुरुषांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट मुद्दाम ठेवली. नव्या मतदाराला जमीन हवी होती आणि पुढाऱ्यांना त्याचं मत. लोकशाही असूनही हे घडलं असं म्हणतात. मी म्हणेन, लोकशाही अशी निवडक होती म्हणूनच घडलं.

चेरोकींच्या बाजूने उभा राहिलेला मिशनरी सॅम्युअल वूस्टर तुरुंगात गेला. (१८१३ मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन त्याच्याच संस्थेचं.) १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाच्या विरोधात निकाल दिला, पण त्याची अंमलबजावणी झालीच नाही. मग मूठभर चेरोकींच्या सह्या घेऊन जमीन सोडण्याचा करार केला गेला आणि सिनेटमध्ये तो जेमतेम एका मताने तरला. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना घरांतून बाहेर काढून पश्चिमेकडे हाकललं. सुमारे १६,००० जणांतले अंदाजे ४,००० दगावले. मोकळ्या झालेल्या दक्षिणेच्या जमिनीवर कापूस वेचायला गुलाम आणले गेले, आईबापांपासून तोडून विकलेली मुलंसुद्धा.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला कुणी देऊ नये. मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीचा कायदा १८३० मध्ये प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. विरोधात मत देणाऱ्यांत जॅक्सनच्याच टेनेसी राज्यातला, गरिबीतून वर आलेला डेव्ही क्रॉकेट होता. पुढच्याच वर्षी मतदारांनी त्याला पाडलं.