‘गांजा तर वनस्पतीच आहे!’

एक मजकूर फिरत फिरत पुन्हा माझ्यापर्यंत आला: ‘गांजा नैसर्गिक आहे, त्याचं व्यसन लागत नाही आणि मेंदूवर काही झालंच तर सोडल्यावर सगळं भरून येतं.’

नैसर्गिक तर धोतराही आहे. पुढे जाऊ.

व्यसन लागत नाही? अमेरिकेतल्या १९९०च्या दशकातल्या पाहणीत, गांजा कधीतरी घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्याच्या आहारी गेल्याचं दिसलं. तंबाखूचा हाच आकडा ३२ टक्के होता. म्हणजे तंबाखूपेक्षा पुष्कळ कमी, हे कबूल. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. रोज ओढणाऱ्याने एकदम बंद केलं की झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. दोन झुरक्यांनी ते शमतं आणि मग तोच सांगत सुटतो की गांजा औषध आहे.

आता ‘भरून येतं’. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, मेंदूतल्या सीबी-१ ग्राहींना चिकटतं. ग्राही म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागा. रोजच्या माऱ्याने हे ग्राही घटतात, पण महिनाभर बंद ठेवल्यावर बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. स्कॅनमध्ये तसं दिसलंय. स्मरणशक्तीचंही प्रौढांमध्ये बरंचसं असंच. किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक घटल्याचं न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासाने २०१२ साली मांडलं. नंतर जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासात मात्र ओढणारा आणि न ओढणारा यांच्यात तसा फरक सापडला नाही. त्यामुळे ‘गांजाने मेंदू जळतो’ म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. पोरांना एक थाप कळली की ती पुढचं खरंही ऐकत नाहीत.

पण भरून न येणारंही काही असतं, आणि मजकूर नेमका तिथे गप्प आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला गेला. पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट निघालं. इतर कारणं हिशेबात धरल्यावर ते बरंच खाली आलं, तरी धोका उरलाच. ती भरती १९६९-७०ची. आजच्या मालात टीएचसी तेव्हापेक्षा कितीतरी जास्त असतं. घरात कुणाला असा आजार असेल, तर धोका मुळातच वरच्या पायरीवरून सुरू होतो.