आधी माझ्या लेकाची चित्रं काढून घेतली, मग लिहिलं ‘प्रतिसाद देत नाही’

काल दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून मोकळी झाल्याशिवाय झोप लागायची नाही.

लेकाला ऑटिझम आहे, आणि त्याच्या प्रवेशासाठी ही सहावी शाळा. सिनियर केजी. साडेअकराची वेळ दिली होती, आत घेतलं सव्वा वाजता. लेक एक वाजता जेवतो, वेळ चुकली की त्याचं सगळं बिनसतं, हे फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी तो पावणेदोन तास त्या कॉरिडॉरमध्ये बसला. फरशीच्या सांध्यांवरून बोट फिरवत, गुणगुणत. एकदाही ओरडला नाही. पाच वर्षांचं दुसरं कुठलं पोर एवढा वेळ बसेल, सांगा. आणि आत गेल्यावर मला पहिला प्रश्न काय, तर ‘एका जागी बसतो का?’

त्याच्या गळ्यात पट्टी असते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असेल तशीच. पुठ्ठ्याला वेल्क्रो आणि त्यावर बारा लॅमिनेट केलेली चित्रं. पाणी, भूक, शू, पुरे, मदत, आई, घरी, अशी. सासूबाईंनी स्वतः कापलीत, कोपरे गोल करून, त्याच्या बोटांना टोचू नयेत म्हणून. ही बारा चित्रं वापरायला शिकायला दोन वर्षं लागली. भांडुपहून दादरच्या थेरपी सेंटरला, आठवड्यातून चार दिवस, स्लो लोकलने, एका खांद्यावर तो आणि दुसऱ्यावर डबा-बाटली-कपड्यांची पिशवी. ‘पुरे’चं चित्र त्याने पहिल्यांदा माझ्या हातात ठेवलं त्या दिवशी मी सेंटरच्या जिन्यात बसून रडले होते. तोवर पुरे झालं हे सांगायला त्याच्याकडे स्वतःचं डोकं भिंतीवर आपटण्याशिवाय काहीच नव्हतं.

बाईंनी सगळ्यात आधी काय केलं? ती पट्टीच काढून घेतली. “हे आपण बाजूला ठेवू या हं, त्याला बोलायची सवय लागायला हवी.” आणि टेबलाच्या खणात टाकली. मी म्हटलं, मॅडम, तो ह्यानेच बोलतो. तर म्हणाल्या, “पाचच मिनिटं.” मग फ्लॅशकार्ड. ‘व्हॉट कलर इज धिस?’ इंग्रजीत! घरी मराठी, थेरपी मराठीत, फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहिलेली. लेकाने कार्डाकडे पाहिलंच नाही, तो खणाकडे बघत राहिला. मग उठला, टेबलाला वळसा घालून गेला, बाईंचा हात धरला आणि खणाच्या मुठीवर ठेवला.

ह्याहून स्पष्ट कसं बोलायचं एखाद्या मुलाने? माझी वस्तू द्या, हे त्याने न रडता, न मारता, एका अनोळखी बाईचा हात हातात घेऊन सांगितलं. आमच्या थेरपिस्टने हे पाहिलं असतं तर तिने त्याला उचलून घेतलं असतं. बाईंनी हात झटकला. “नो बेटा, सिट डाऊन.” आणि समोरच्या कागदावर लिहिलं, ते मला उलटं दिसत होतं तरी वाचता आलं: नॉट रिस्पॉन्डिंग. त्याच्याखाली, अ‍ॅग्रेसिव्ह, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

अ‍ॅग्रेसिव्ह! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माणसाच्या तोंडावर हात दाबून धरायचा आणि वर तो बोलत नाही म्हणून शेरा मारायचा?

सेंटरने दिलेली फाइल तशीच बंद राहिली. असेसमेंट, ऑक्युपेशनल थेरपीचा रिपोर्ट, स्पीचचा रिपोर्ट, आणि त्याच्या थेरपिस्टने शाळेसाठी वेगळी लिहिलेली दोन पानं: गोंगाट झाला तर काय करायचं, नवीन जागेत कसं न्यायचं, पहिले पंधरा दिवस किती तास बसवायचं. दोनच पानं! तीही कुणी उघडली नाहीत. आमचं सेंटर सहा वर्षांपर्यंतच घेतं. ते म्हणतात, आता ह्याला मुलांमध्ये जाऊ दे, तो तयार आहे. शाळा म्हणते, आधी तयार करून आणा. म्हणजे पोराने जायचं कुठे? शाळेत काय लागतं हे शाळेत गेल्याशिवाय शिकणार कसं?

मग ते वाक्य आलंच. “आम्ही त्याच्या भल्यासाठीच सांगतोय, त्याला इथे त्रास होईल.” हे वाक्य मी सहा शाळांत ऐकलं. भलं कशात आहे हे ठरवायला माझ्या लेकाची फाइल वाचावी लागते, आणि ती न वाचताच ह्यांना कळतं.

मी दिव्यांग हक्क कायदा काढला. २०१६ चा, कलम १६. सरकारी मान्यता किंवा पैसा असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं त्यात लिहिलंय, आणि त्या कलमाला वयाची अट नाही. तर शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तो सहा वर्षांपासून पुढे.” ते कलम ३१, मोफत शिक्षणाचं, सहा ते अठरा! एक कलम दाखवून दुसरं झाकायचं. शिक्षण हक्क कायद्याचंही तेच. मुलाची परीक्षा घेऊन प्रवेश ठरवला तर पहिल्या वेळी २५,००० पर्यंत दंड, पण त्या कायद्यातलं ‘मूल’ सहा ते चौदाचं. म्हणून केजीच्या दारात ‘इंटरॅक्शन’ नाव देऊन खुशाल परीक्षा चालते. ज्या वयात मदत सगळ्यात जास्त लागू पडते असं प्रत्येक डॉक्टर सांगतो, नेमकं तेच वय ह्या कायद्याने मोकळं सोडलंय. आणि दिव्यांग कायदा मोडला तर पहिला दंड किती? १०,००० पर्यंत. ह्या शाळेची एका टर्मची फी त्याच्या कितीतरी वर आहे. कोण घाबरणार?

“शॅडो टीचर आणलीत तर विचार करू.” हे पुढचं. म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून त्याला मदत करणारी बाई. आणायची आम्ही, पगार आम्ही द्यायचा, शाळेची फी पूर्ण भरायची, आणि ती एक दिवस आली नाही तर मुलाला घरी ठेवायचं. मग शाळा नेमकं काय करणार? स्पेशल एज्युकेटर हवेत, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगून झालंय. इथे अख्ख्या शाळेत एक आहेत का विचारलं, तर म्हणे, “समुपदेशक येतात शुक्रवारी.”

खाली येताना नोटीस बोर्ड दिसला. २ एप्रिलचे फोटो, निळे टी-शर्ट घातलेली मुलं, निळे फुगे, ऑटिझमबद्दल घोषवाक्यं. त्या फोटोंत एकही आमच्यातलं मूल नाही. मी प्रत्येक चेहरा बघितला.

आता निघालंच आहे तर बाकीचंही बोलते. तो दीड वर्षाचा असताना हाक मारल्यावर बघत नाही म्हणून मी ज्या डॉक्टरकडे गेले त्यांनी सांगितलं, “मुलगे उशिरा बोलतात, आईंनी जास्त विचार करू नये.” एक वर्ष गेलं त्यात, त्या वर्षाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पोर्टलवर अर्ज करूनही पहाटेच्या रांगेत उभं राहावं लागलं, तीनदा, कारण कधी मानसोपचारतज्ज्ञ रजेवर, कधी मशीन बंद. आणि लोकलच्या दिव्यांग डब्यात धडधाकट पुरुष बसलेले असतात, कार्ड दाखवलं तर म्हणतात, “ह्याला काय झालंय? दिसायला तर चांगला आहे.” दिसायला चांगला आहेच तो. म्हणून त्याचा हक्क जातो का?

आणि शेजारच्या काकू, ज्यांनी काल जिन्यात विचारलं, “झालं का अ‍ॅडमिशन?” आणि मी नाही म्हटल्यावर, “जाऊ दे, त्याला कुठे कळतंय.” त्याला कळतं, काकू. कालचं सगळं कळलंय त्याला. ट्रेनमध्ये तो पूर्ण वेळ पट्टी दोन्ही हातांनी छातीशी धरून होता, ठाणे लोकलच्या त्या गर्दीत, कुणाचा धक्का लागला तरी सोडली नाही.

निघताना बाईंनी ती खणातून काढून दिली तेव्हा मी बघितलं नाही. रात्री तो मटक्यापाशी गेला, पट्टीवर बोट फिरवलं आणि थांबला. पाण्याचं चित्र नव्हतं. नुसता वेल्क्रोचा चौकोन. तो त्या चौकोनावर बोट दाबत राहिला, परत परत, मला बघत. सासूबाईंनी रात्री अकराला नवीन चित्र काढून कापलं.

सोमवारी मी परत जाणार आहे. ते चित्र त्यांच्या खणात आहे, ते मागणार. आणि नकार लेखी मागणार, कारणासकट, सही-शिक्क्यासकट. सहा शाळांनी तोंडी नाही म्हटलं, एकीनेही कागद दिलेला नाही. कागद मिळाला तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. नाही दिला, तर कागद नाकारल्याचीही तक्रार. ज्यांनी ज्यांनी अशी तक्रार केली असेल त्यांनी अर्जाचा मसुदा कसा लिहिला ते मला कळवा. रविवारी रात्रीपर्यंत हवाय.