लहान मुलांच्या फोटोंची ‘सूत्रे’ आणि त्यांतील चुका

संक्रांत जवळ आली, की लहान मुलांचे फोटो ‘अगदी स्टुडिओसारखे’ कसे काढावेत हे सांगणारा एक मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागतो. त्यात कधी पाच सूत्रे असतात, कधी सात. गाभा मात्र तोच असतो. फ्लॅशमुळे बाळाची दृष्टी कायमची जाते. फोटो भर उन्हात, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून काढावा. चेहरा मोठा यावा म्हणून फोन शक्य तितका जवळ न्यावा आणि पोर्ट्रेट मोड लावावा. डोळे उठून दिसण्यासाठी काजळ घालावे. काळे कपडे टाळावेत. आणि मूल कॅमेऱ्याकडे बघून हसत नाही तोवर बटण दाबू नये. हेतू चांगला आहे, पण यांतील बहुतेक सल्ले मुलानेच काही सोसावे किंवा बदलावे असे सांगतात, आणि फोटो बिघडतो तो प्रकाश, अंतर व वेळ यांच्या निवडीत, म्हणजे मोठ्या माणसांच्या हातात असलेल्या गोष्टींत.

सर्वांत जास्त घबराट पसरवणारा मुद्दा फ्लॅशचा आहे. २०१५ साली चीनमधून आलेली एक बातमी जगभर फिरली होती: तीन महिन्यांच्या बाळाचा अगदी जवळून फ्लॅश लावून फोटो काढला आणि त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, अशी. नेत्रतज्ज्ञांनी तेव्हाच ती अविश्वसनीय ठरवली होती, तरी तिचे अवशेष अजून आपल्या गटांत पोहोचतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश सेकंदाच्या अत्यंत लहान अंशापुरता चमकतो, आणि फोनवर ज्याला आपण फ्लॅश म्हणतो तो तर एक लहानसा एलईडी दिवा असतो. याउलट, आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी करण्याची शिफारस आहे. त्या वेळी औषधाचे थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या जातात आणि डोळ्यात थेट, फ्लॅशपेक्षा कितीतरी अधिक वेळ प्रकाश टाकला जातो. इतक्या नाजूक बाळांना जी तपासणी चालते, तिच्यापुढे घरच्या फोटोचा फ्लॅश काहीच नाही.

उलट, फ्लॅशच्या फोटोने कधी कधी मोठी मदत केली आहे. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला की त्याचा प्रकाश बाहुलीतून आत जाऊन डोळ्याच्या मागील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून परत येतो, आणि म्हणून डोळे लाल दिसतात. एखाद्या डोळ्यात लालऐवजी पांढरट चमक वारंवार दिसली, तर ते रेटिनोब्लास्टोमा या दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे किंवा मोतीबिंदूसारख्या दुसऱ्या विकाराचे लक्षण असू शकते. एखाद्याच फोटोत ती चमक केवळ कोनामुळेही येते. तरीही नेत्रतज्ज्ञांना दाखवणे हेच शहाणपणाचे. थोडक्यात, फ्लॅश धोकादायक नाही, फक्त कुरूप आहे: समोरून आलेला कडक प्रकाश गालांची गोलाई पुसून टाकतो, मागे भिंतीवर काळी सावली उमटवतो आणि मूल दचकते ते वेगळेच. तो टाळावा, पण या कारणासाठी.

उन्हाचा सल्ला जुना आहे. फिल्म मंद असण्याच्या काळात पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून सूर्य पाठीशी ठेवायला सांगत असत. आजच्या फोनला त्याची गरज उरलेली नाही. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असला म्हणजे तो मुलाच्या डोळ्यांसमोर असतो, मग मूल डोळे बारीक करते आणि आपण त्यालाच ‘नीट बघ’ म्हणून दटावतो. डोक्यावरच्या उन्हात तर डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. चेहऱ्याला हवा असतो तो मोठ्या पृष्ठभागावरून येणारा मऊ प्रकाश: ओसरी, दाराच्या उंबऱ्याच्या आतली बाजू, इमारतीची सावली, उत्तरेची खिडकी. जानेवारीत आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो (पुण्यात या दिवसांत भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ५० अंशांवरच असतो), त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट आत येते. तिथे एक पातळ पांढरा पडदा किंवा जुने धोतर आडवे बांधले, की तीच गॅलरी उत्तम स्टुडिओ होते. मूल खिडकीकडे तोंड करून नव्हे, तर थोडे तिरके बसवावे, म्हणजे एक गाल उजळ आणि दुसरा किंचित सावलीत राहतो व चेहऱ्याला आकार येतो.

फोन जवळ नेण्याचा सल्ला मला यांतला सर्वांत नुकसानकारक वाटतो, कारण त्याचा दोष मुलाच्या चेहऱ्यावर ढकलला जातो. चेहऱ्याची प्रमाणे भिंगावर नव्हे, तर अंतरावर अवलंबून असतात. फोन हातभर अंतरावर आणला की नाक आणि कपाळ कानांच्या मानाने कॅमेऱ्याला फारच जवळ येतात आणि फुगून दिसतात. मग ‘आमचा बाळ्या फोटोत छान येत नाही’ असे ऐकू येते. दीड-दोन मीटर मागे सरकावे आणि फोनमध्ये दुप्पट झूम देणारे वेगळे भिंग असल्यास ते वापरावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाली बसावे. जन्मतः बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते, प्रौढाचे सातव्या-आठव्या हिश्शाइतके. उभे राहून वरून फोटो काढला, की हे मोठे डोके आणखी मोठे होते आणि पाय नाहीसे होतात. पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी धूसर करतो तो बहुतांशी गणिताने, अंतराचा अंदाज बांधून. विरळ जावळ, कानाची कड आणि हलणारे हात इथे तो अंदाज चुकतो आणि डोक्याभोवती कापून चिकटवल्यासारखी कडा दिसते. शांत बसलेल्या मुलासाठी तो मोड जरूर वापरावा, रांगणाऱ्यासाठी वापरू नये.

काजळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे आढळलेले आहे आणि डोळ्यांचे डॉक्टर बाळाच्या डोळ्यात ते घालू नका असेच सांगतात. दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावायची तर आजीने जरूर लावावी, फोटोत ती गोडच दिसते. डोळे जिवंत दिसतात ते बाहुलीत खिडकीचे प्रतिबिंब उमटल्यामुळे. ते काजळाने येत नाही.

काळ्या कपड्यांचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण तो मानला तर बोरनहाणाचा फोटोच काढता येणार नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी मुलांना काळे झबले किंवा काळा फ्रॉक घालून, हलव्याचे दागिने चढवून, त्यांच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे आणि गोळ्या ओततात. काळ्यावर पांढरा हलवा दिसावा हीच तर त्या वेषाची शोभा आहे. अडचण कपड्यात नाही, कॅमेऱ्याच्या हिशेबात आहे: चौकटीत काळे जास्त दिसले, की कॅमेरा दृश्य अंधारे समजून सगळेच उजळ करतो, काळा रंग राखाडी होतो आणि हलव्याचे काटे पांढऱ्या डागात विरघळतात. उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाशाची पट्टी किंचित खाली ओढावी.

खरी परीक्षा बोरे पडतानाची. समारंभ बहुधा संध्याकाळी हळदीकुंकवाबरोबर, घरातल्या दिव्यांत होतो. कमी प्रकाशात स्वयंचलित कॅमेरा शटर बराच वेळ उघडे ठेवतो, आणि बोरांच्या रेघा व मुलाच्या हाताचा धूर दिसतो. शटर हाताने १/५०० सेकंदावर आणले तर हालचाल थांबते. पण आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तीव्र होतात, आणि इतक्या जलद शटरला चित्रात आडवे काळे पट्टे येऊ शकतात. शटर १/१०० वर ठेवले तर पट्टे जातात, हालचाल मात्र पुरती थांबत नाही. यातून खरा मार्ग एकच: बोरनहाण दिवसाउजेडी, गॅलरीजवळ करावे. ते जमत नसेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवून चित्रात थोडा खरखरीतपणा पत्करावा; तो हललेल्या चेहऱ्यापेक्षा बरा.

हसण्याची अट तर मुलांवर अन्याय करते. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाळ माणसाकडे पाहून हसतच नाही. झोपेत उमटणारे स्मित प्रतिक्षिप्त असते. पुढे ‘हस ना, हस ना’ म्हटले की तीन वर्षांचे मूल दात दाखवते, डोळे मात्र हसत नाहीत, कारण डोळ्यांभोवतीचा स्नायू आज्ञेने सहसा हलत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमरन यांनी १८६४ मध्ये ज्या चित्राला आपले पहिले यश म्हटले, त्यातील लहान मुलगी कॅमेऱ्याकडे बघतही नाही आणि हसतही नाही; ते आजही पाहावेसे वाटते. बोर उचलून त्याचा वास घेणारे, हलव्याचा हार चाटू पाहणारे, आत्याच्या बांगडीत गुंतलेले मूल हे सगळे पोर्ट्रेटच आहेत. आणि समोर पाहायलाच हवे असेल, तर एकाच माणसाने छायाचित्रकाराच्या डोक्यामागे उभे राहून हाक मारावी. चार नातेवाईकांनी चार दिशांनी खुळखुळे वाजवले, की मुलाची नजर कुठेच ठरत नाही.

त्या मजकुरातले एक वाक्य मात्र बरोबर आहे: मूल जेवलेले आणि झोप झालेले असावे. हळदीकुंकवाच्या वेळी ते सहसा यांपैकी काहीच नसते. म्हणून दागिने सकाळच्या झोपेनंतर एकदा घालावेत, पंधरा मिनिटांत खिडकीपाशी फोटो उरकावेत, आणि संध्याकाळी बोरे पडत असताना फोन दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन आईवडिलांनी मुलाजवळ पाटाशेजारी बसावे.